स्वयंपाकघर ठेवले, लेखणी बदलली

आमच्या विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात सध्या एकच वाद चालू आहे. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या आत्मकथनावर दूरदर्शनवर ‘नाजुका’ ही मालिका झाली होती. वर्गातल्या ज्येष्ठ ताई तिची आठवण काढतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. तरुण पोरं म्हणतात, ती मालिका आता नव्याने झाली पाहिजे. चांगल्या कॅमेऱ्याने, भव्य, ओटीटीवर. पैसा कुठून आणायचा यावर दोन रविवार गेले, नाजुकाचे काम कोणी करायचे यावर तिसरा. ती लिहिणार कोण, हा प्रश्न मात्र अजून कोणी विचारलेला नाही.

म्हणून आम्ही इथे एका दुसऱ्याच मालिकेचा इतिहास मांडणार आहोत. ती इंग्रजांची आहे, लंडनमधल्या एका श्रीमंत घराची आहे, आणि तिचा आपल्याशी काय संबंध असे कोणालाही वाटेल. ती एकदा झाली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. पस्तीस वर्षांनी तेच नाव, तेच घर घेऊन पुन्हा केली आणि दोन वर्षांत गुंडाळावी लागली. का गुंडाळावी लागली, हे आपल्या पोरांनी कॅमेरा भाड्याने घेण्याआधी समजून घ्यावे.

मालिकेचे नाव ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’. वर मालक, खाली नोकर. लंडनच्या बेलग्रेव्हिया या उच्चभ्रू भागातले 165, ईटन प्लेस हे घर. वरच्या मजल्यांवर बेलामी कुटुंब, तळघरात स्वयंपाकघर आणि नोकरांची खोली. 10 ऑक्टोबर 1971 ला पहिला भाग लागला आणि 21 डिसेंबर 1975 ला शेवटचा. एकूण 68 भाग, कथेचा काळ 1903 ते 1930.

ही कल्पना कोणाची? दोन नट्यांची. जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स. मार्शची आई तरुणपणी मोलकरीण होती, ॲटकिन्सचे वडील बड्या घरच्या चाकरीत होते. 1967 साली बीबीसीने ‘द फोर्साइट सागा’ ही श्रीमंत घराण्याची मालिका दाखवली तेव्हा सारा इंग्लंड ती बघत बसला होता. मार्शने नंतर सांगितले आहे की ती बघताना तिला एकच प्रश्न पडायचा : हे सुंदर सुंदर कपडे धुतं कोण, इस्त्री कोण करतं? पडद्यावर तर कोणीच दिसत नाही!

मित्रांनो, हा प्रश्न साधा समजू नका. इतिहासाकडे बघण्याची अख्खी पद्धत त्यात आहे. ‘फोर्साइट सागा’ लाखो लोकांनी पाहिली. त्यातल्या कित्येकांच्या आज्यांनी असेच कपडे धुतले असणार. पण हा प्रश्न पडला तो मोलकरणीच्या मुलीला. तिने तो प्रश्न नुसता मनात ठेवला नाही, कागदावर घेतला. आधी विनोदी मालिका करायची होती, पुढे तिचे गंभीर नाट्य झाले.

पहिला भाग फे वेल्डन या लेखिकेने लिहिला. नोकरी मागायला आलेली एक मुलगी सरळ पुढच्या दारावर येते. तिला तिथून हाकलले जाते : नोकरांनी खालच्या पायऱ्या उतरून मागच्या दाराने यायचे. आत गेल्यावर ती आपले नाव क्लेमन्स सांगते. मालकीण लेडी मार्जरी म्हणते, हे नाव काही मोलकरणीला शोभत नाही, तू आजपासून सारा. झाले. मुलगी सारा होते.

धोंड्या, कचऱ्या, दगड्या अशी नावे ज्यांच्या पणजोबांच्या वाट्याला आली, त्यांना हे दृश्य कोणी समजावून सांगायला नको. आमच्या वर्गात हा भाग मोबाईलवरून भिंतीवर लावून दाखवला. इंग्रजी अर्ध्याजणींना कळत नव्हते. पण नाव बदलले तिथे मागे बसलेल्या एक मावशी, त्या चार घरची धुणीभांडी करतात, एवढेच म्हणाल्या, “मला पण त्या बाई माझ्या नावानं हाक मारत नाहीत. आधीची जी होती तिच्याच नावानं मारतात. कुठं लक्षात ठेवायचं म्हणतात.”

पहिल्याच वर्षी आणखी एक भाग आला. एमिली ही स्वयंपाकघरात हाताखाली काम करणारी आयरिश पोरगी. दुसऱ्या घरच्या नोकरावर तिचे प्रेम बसते, ते प्रेम तोडले जाते आणि ती त्याच घरात गळफास घेते. घराला काळजी कशाची? बोभाटा होऊ नये याची. हे भाग रविवारी रात्री लोकांच्या दिवाणखान्यात दिसत होते. 1911 च्या ब्रिटनमध्ये घरकाम हा स्त्रियांचा सर्वांत मोठा रोजगार होता, दहा लाखांहून जास्त बायका त्यात होत्या. म्हणजे 1971 साली दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या किती घरांत ‘ही आपल्या आजीची गोष्ट’ असे वाटले असेल, हिशेब करा.

आता एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर तो प्रामाणिकपणा नव्हे. मूळ मालिकाही पूर्णपणे खालच्यांची राहिली नव्हती. पटकथांची जबाबदारी आल्फ्रेड शॉनेसी यांच्याकडे गेली. ते स्वतः नोकरचाकर असलेल्या घरात वाढलेले, त्यांचे सावत्र वडील राजवाड्याच्या कारभारात वरच्या हुद्द्यावर. त्यामुळे वरचा मजला हळूहळू पसरत गेला. बटलर हडसन आणि आचारीण मिसेस ब्रिजेस मालकाच्या इभ्रतीसाठी मालकापेक्षा जास्त जिवाचे रान करतात, आणि मालिका त्यांना त्याबद्दल शाबासकी देते. हडसनच्या जेवणाच्या टेबलावर बटलरची जागा ठरलेली, आचारणीची ठरलेली, भांडी घासणाऱ्या रूबीची सगळ्यात खाली. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे एक छोटे चित्रच. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान.

तरीही ती मालिका खोटी वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंची ओढाताण तिच्या आत शिल्लक आहे. 1926 च्या सर्वसाधारण संपात बेलामींचा मुलगा जेम्स संप मोडायला बस चालवतो. पुढे हाच जेम्स रोझ या मोलकरणीची आयुष्यभराची पुंजी शेअरबाजारात गुंतवतो आणि 1929 च्या घसरणीत बुडवतो. रोझचे काम जीन मार्शनेच केले होते. मालकावर विश्वास ठेवून सगळे गमावलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काय दिसते, ते तिला बाहेरून शिकावे लागले नसेल. मालिका संपते तेव्हा घर विकले गेले आहे आणि रोझ एकटी रिकाम्या खोल्यांतून फिरते, तिला जुने आवाज ऐकू येतात. घराचा इतिहास कोणाच्या कानात साठला आहे? झाडणारीच्या.

आता येऊ दुसऱ्या खेपेकडे.

2010 च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या आठवड्यात बीबीसीने ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ पुन्हा आणली. काटेकोर बोलायचे तर पुढची गोष्ट : तेच घर, पण 1936 साल आणि नवे मालक, सर हॅलम हॉलंड हे मुत्सद्दी आणि त्यांची पत्नी ॲग्नेस. लेखिका हायडी थॉमस. नेपथ्य सुंदर, कपडे सुंदर, नट नावाजलेले. जीन मार्श पुन्हा रोझ म्हणून आली आणि मूळ मालिकेत कधीच काम न केलेल्या आयलीन ॲटकिन्सने या वेळी हॅलमच्या आईचे, लेडी मॉडचे काम केले. पहिल्या तीन भागांना प्रेक्षकही भरपूर मिळाले.

मग बिघडले कुठे? बहुतेक समीक्षक ‘डाउन्टन ॲबी’कडे बोट दाखवतात. ती मालिका तीनच महिने आधी दुसऱ्या वाहिनीवर सुरू झाली होती, तिनेही वरचे-खालचे हेच सूत्र वापरले आणि बाजार मारला. तिचे लेखक ज्युलियन फेलोज पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाचे लॉर्ड झाले. हे कारण आहेच. पण आमच्या मते ते अर्धे कारण आहे. खरे कारण मालिकेच्या आत आहे.

पहिली गोष्ट रोझची. मधल्या वर्षांत ती नोकर पुरवणारी स्वतःची एजन्सी चालवू लागली आहे. विचार करा, आयुष्यभर दुसऱ्याची चूल पेटवणारी बाई स्वतःच्या धंद्याची मालकीण झाली! इथून केवढी गोष्ट सुरू होऊ शकली असती. कोणत्या मुली तिच्याकडे येतात, कोणत्या घरी ती मुलगी पाठवत नाही, कोणत्या मालकाचे नाव तिच्या वहीत लाल शाईने लिहिले आहे. मालिका काय करते? तिला त्याच घरात हाउसकीपर म्हणून परत आणते. आणि हे घरवापसीसारखे, गोड प्रसंग म्हणून दाखवते.

दुसरी गोष्ट रेचेल पर्लमुटरची. ही जर्मनीतून निसटून आलेली ज्यू स्त्री. तिकडे ती विद्यापीठात शिकवत होती, इकडे ईटन प्लेसमध्ये मोलकरीण आहे. हा लेखिकेचा कल्पनाविलास नाही. नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी हजारो ज्यू बायका घरकामाच्या परवान्यावर ब्रिटनमध्ये आल्या. डॉक्टरांच्या बायका, शिक्षिका, पियानो वाजवणाऱ्या मुली. शिक्षण सगळे आहे, पण जन्मामुळे हातात फडके. हे दुःख आपल्याला ओळखीचे आहे की नाही? पदव्युत्तर शिकून सफाई खात्यात लागलेली पोरं आपल्या वस्तीत मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. त्याच घराचा ड्रायव्हर ऑस्वाल्ड मोझलीच्या फॅसिस्टांच्या नादी लागला आहे. 4 ऑक्टोबर 1936 ला पूर्व लंडनच्या केबल स्ट्रीटवर ज्यू, आयरिश गोदी कामगार आणि कम्युनिस्टांनी मोझलीचा मोर्चा अडवला, तो काळ. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात फॅसिझमचा बळी आणि फॅसिझमचा सैनिक. मूळ मालिका असती तर यावर वर्षभर चालली असती. इथे रेचेल दुसऱ्याच भागात दम्याने मरते.

आणि मालिका जाते कुठे? वर. मालकिणीची बहीण पर्सी आणि जर्मनीचा राजदूत रिबेनट्रॉप यांचे प्रकरण, राजा आणि मिसेस सिम्पसन, म्युनिकचा करार. 1936 चा फॅसिझम मोलकरणीच्या छातीतून उचलून दिवाणखान्यात ठेवला. इतिहास म्हणजे वरच्या लोकांची कोणाकोणाशी ऊठबस होती, हीच ती जुनी समजूत. हॅलमच्या बहिणीला, पामेलाला डाउन सिंड्रोम असल्यामुळे संस्थेत टाकून मेली असे सांगितले गेले होते, हा धागा मात्र चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तोही वरच्या मजल्याचाच.

भारताचे काय झाले तेही बघा. लेडी मॉड भारतात राहून आलेली. तिच्यासोबत एक माकड आहे आणि अमनजीत नावाचा शीख सचिव आहे. दोघेही घराची शोभा वाढवतात. अमनजीतला माकडापेक्षा जास्त संवाद आहेत, एवढे कबूल करतो. त्याच लंडनमध्ये, हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर ‘आयाज होम’ नावाचे घर होते. इंग्रज कुटुंबे मायदेशी येताना बोटीवर मुले सांभाळायला भारतातून आया घेऊन येत आणि कित्येकींना लंडनमध्ये वाऱ्यावर सोडून देत. परतीच्या बोटीचे काम मिळेपर्यंत त्या बायका या घरात राहत. 2022 साली तिथे निळी स्मृतिपाटी लागली. 1921 साली हे आयांचे वसतिगृह त्याच रस्त्यावरच्या मोठ्या घरात हलले, आणि साधारण त्याच काळात शहराच्या दुसऱ्या भागात, 10, किंग हेन्रीज रोडवर, अर्धपोटी राहून बाबासाहेब अभ्यास करत होते. लंडनमधला भारत हा होता. मालिकेला तो दिसला नाही, कारण तो शोधायला जावे असे कोणाला वाटलेच नाही.

2012 ला दुसरे पर्व आले, सहा भागांचे. तोपर्यंत ॲटकिन्स बाहेर पडली होती. पटकथा तिला पटत नव्हती असे तेव्हा छापून आले. जीन मार्शला 2011 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ती जेमतेम दिसली. म्हणजे ज्या दोघींच्या आईबापांनी चाकरी केली होती, त्या दोघीही मालिकेत जवळजवळ उरल्या नाहीत. प्रेक्षक घसरत गेले आणि एप्रिलमध्ये बीबीसीने मालिका बंद केली. जीन मार्श 2025 मध्ये वारली.

कोणी म्हणेल, नवी लेखिकाही बाईच होती, काही दुष्ट नव्हती. बरोबर. आम्ही कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. मुद्दा हेतूचा नाहीच. 1911 साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला, त्यात घरच्या नोकरांच्या आजारपणासाठी मालकाने थोडे पैसे भरायचे होते. त्याविरुद्ध बड्या घरच्या बायकांनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा भरवली आणि सोबत आपल्या मोलकरणींनाही नेऊन बसवले. त्यांनाही वाटत होते की आपण नोकरांच्या वतीनेच बोलतो आहोत. आणि महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला 2008 उजाडले.

आता आपल्याकडे वळू. इथे एक मोठा फरक आहे आणि आपली पोरं तिथेच चुकतात असे आम्हाला वाटते.

इंग्रजी मालिकेत जिना आहे. वरचा खाली येतो, खालचा वर जातो, ताट घेऊन का होईना. साराला नोकरी सोडून जाता येते, रोझला एजन्सी काढता येते. मिसेस ब्रिजेसच्या हातचे सगळे घर खाते आणि तारीफ करते. आपल्याकडच्या वाड्यात हे चित्र बसवून बघा. पेशव्यांच्या वाड्याची मालिका निघाली, त्यात आपण हट्टाने स्वयंपाकघरही दाखवायला लावले, तर त्या स्वयंपाकघरात आपण आहोत का? तिथे सोवळ्यातला आचारी आहे. आपण जिन्याखाली नव्हतोच, आपण वेशीबाहेर होतो. वर्गाच्या घराला तळघर असते, जातीच्या गावाला वेस असते. 2017 साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार केली होती, की स्वयंपाकीण ब्राह्मण नव्हती आणि तिने जात लपवून सोवळे मोडले. पेशवाई जाऊन दोनशे वर्षे होत आली होती. तेव्हा ‘प्रस्थापितांच्या मालिकेत आपल्यालाही चार प्रसंग द्या’ ही मागणी इंग्लंडात क्रांतिकारक असेल, इथे ती पुरी पडत नाही. इथे कॅमेरा वाड्यातून बाहेर काढून वेशीपलीकडे लावावा लागतो. तिथून वाडा कसा दिसतो, हे वाड्यातल्या कोणालाच माहीत नाही.

ते कोणाला माहीत आहे? बेबीताई कांबळेंना माहीत होते. फलटणला दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून वह्या लपवून त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले. शांताबाईंना माहीत होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांकडे घरोघर जाऊन मुलाखती घेतल्या आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले. 1936 साली आपल्या आज्या कोणत्या परिषदेला गेल्या, भाकरी कशात बांधून नेली, घरी आल्यावर कोणाचा मार खाल्ला, हे सांगणारी माणसं तेव्हा हयात होती, आणि विचारणाऱ्याही आपल्यातल्याच होत्या. रिबेनट्रॉपची त्यांना गरज पडली नाही.

‘नाजुका’ पुन्हा करायची म्हणणाऱ्यांना आमचा विरोध नाही. विरोध आहे तो तयारीच्या क्रमाला. गेल्या रविवारी एकाने मुंबईतल्या एका नावाजलेल्या पटकथाकाराचे नाव सुचवले, ‘आपल्या विषयाबद्दल सहानुभूती आहे त्यांना’ म्हणाला. सहानुभूती हॉलंडच्या घरात पण होती. रेचेल मेल्यावर तिच्या मुलीला त्यांनी घरात ठेवून घेतले होते. आम्ही एवढेच विचारले, की शांताबाईंचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेले इथे किती आहेत? तेवीसपैकी चार हात वर झाले, त्यातला एक त्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीचा. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिला प्रसंग लिहून आणायचे तिने कबूल केले आहे. येत्या रविवारी ती तो वाचणार आहे, मावशी समोर बसलेल्या असताना.